बरोबरीची कुस्ती

मानवजातीच्या इतिहासात भीतीचा अंत ज्या दिवशी झाला तो दिवस म्हणजे आजचा मंगळवार, असं आरोग्य खात्याचे संचालक डॉ. चित्राव यांनी हात उंचावून जाहीर केलं. आणि तो हात पंख्याच्या पात्यात जाईल म्हणून शिपायानं तो मागून हळूच खाली ओढला. खात्याचं मोठं सभागृह कुणाच्या तरी साखरपुड्याला दिलेलं होतं. त्यामुळे नव्या युगाची सुरुवात जिन्याखालच्या बुटक्या खोलीत करावी लागली.

पहिल्या रांगेत ज्योतिराम घोलप फेटा सांभाळत बसला होता. छत इतकं खाली होतं की फेट्याचा तुरा सारखा मोडत होता. पण ज्योतिरामचा ऊर असा भरून आला होता की तुऱ्याकडे लक्ष कुणाचं असणार? भीतीचा अंत त्याच्या आवाजात होणार होता.

ज्योतिराम कुस्तीचा निवेदक. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो यात्रेजत्रेच्या मैदानात माईक धरून उभा असे. त्याच्या आवाजापुढं हलगी लाजायची. पैलवान लंगोट लावून शड्डू ठोकायच्या आधी ज्योतिराम कुठं उभा आहे ते बघून घेत, कारण कुस्ती आखाड्यात होत असली तरी नाव माईकवर होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता हा आवाज आरोग्य खात्याला का लागला, ते सांगायला हवं.

त्या वर्षी सांजताप आला होता. दिवसभर माणूस ठणठणीत, आणि दिवेलागण झाली की अंगात कढ. तरण्याताठ्यांना चार दिवस खाटेवर लोळवून तो सोडून देई. पण ज्यांचं वय झालंय, छाती आधीच दुबळी आहे, त्यांची फुप्फुसं भरून टाकी. लस निघाली होती, गावोगाव पोचलीही होती. लोक मात्र पोचत नव्हते, आणि याचं श्रेय खात्याला होतं. पहिल्या महिन्यात खात्यानं ‘धोका दुप्पट झाला’ असं सांगितलं. लाखात एकाचे लाखात दोन झाले होते. दुप्पट हे खरंच होतं. लोकांनी किराणा दुकानांतून काडेपेट्यासुद्धा उचलून नेल्या. ही घबराट आवरायला दुसऱ्या महिन्यात खात्यानं ‘नव्व्याण्णव टक्के लोक बरे होतात’ असं सांगितलं. तेही खरंच होतं. लोकांनी लांबवलेली लग्नं काढली, पंगती उठवल्या. उरलेला एक टक्का म्हणजे आपल्याच घरातले आजोबा, हे पंगतीत कुणाला सुचलं नाही. आणि आजोबा तर पंगतीत पहिल्या पाटावर होते.

तेव्हा खात्यानं निरोप्या बनवून घेतला.

निरोप्या म्हणजे यंत्र. गावागावांतल्या सांडपाण्यात विषाणूचे अंश किती सापडतात, तुमचं वय काय, पूर्वीचे आजार कोणते, घरात माणसं किती, हे सगळं तो गोळा करी आणि एकेका माणसाचा धोका वेगळा मोजी. मग रोज सकाळी त्या माणसाला फोन करून सांगे. प्रश्न विचारला तर उत्तरही देई. राज्यातल्या प्रत्येकाला त्याचा त्याचा निरोप. कल्पना खरोखर नामी होती. प्रश्न एवढाच होता, की लोकांनी ऐकावं कुणाच्या आवाजात?

चाचण्या झाल्या. एका सिनेनटाचा आवाज लोकांनी शेवटपर्यंत ऐकला आणि पुढचा सिनेमा कधी, एवढंच विचारलं. एका नामांकित डॉक्टरांचा आवाज ‘कृपया’ या शब्दापर्यंत ऐकला. एका कीर्तनकारांचा आवाज सुरू होताच लोकांनी हात जोडले, आणि हात जोडायला फोन खाली ठेवावा लागल्यामुळे पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. ज्योतिरामचा आवाज मात्र लोकांनी चहा गार होईपर्यंत ऐकला. झालं, निवड झाली. त्याच्या साऱ्या कारकिर्दीच्या ध्वनिफिती निरोप्याला ऐकवल्या गेल्या, आणि निरोप्या हुबेहूब ज्योतिरामसारखा बोलू लागला.

“अभिनंदन, घोलपकाका,” कार्यक्रमानंतर निरोप्याची निर्माती रेवती भडसावळे त्याला म्हणाली. चष्म्याआडून सारखी विचार करणारी, पेढा हातात धरून खायला विसरलेली मुलगी. “उद्या सकाळी तुम्ही अकरा कोटी लोकांशी बोलणार.”

“मला नुसतं उठून बसायचंय न्हवं?” ज्योतिरामनं विचारलं.

“तेही नाही. तुम्ही झोपा.”

इतकी सोयीची कीर्ती आजवर कुठल्याही कलावंताला मिळाली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनचा, म्हणजे ज्योतिरामच्या बायकोचा फोन वाजला.

“राम राम शालनताई! आखाड्यात समोरासमोर उभे ठाकलेत, इकडं तुम्ही, तिकडं सांजताप! खडाखडी सुरू झालेली आहे! कोण कुणाला भारी, सांगता येत नाही मंडळी! लढत अटीतटीची!”

शालननं फोन कानापासून लांब धरला आणि शेजारी दात घासत उभ्या असलेल्या मूळ आवाजाकडं पाहिलं.

“नवऱ्याच्या आवाजात मला ताई म्हणतोय मेला. आणि घरात एक काय कमी होता, म्हणून सरकारनं दुसरा फोनात घातला?”

ज्योतिराम मात्र हवेत होता. भाजीवाला त्याला हात लावून बघे. बँकेत त्यानं ‘पासबुक’ एवढा शब्द उच्चारला तर पाच माणसं मागं वळली. आणि चौथ्या दिवशी बोरजाईहून मौला वस्तादचा फोन आला, तेव्हा तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मौला वस्ताद म्हणजे बोरजाईच्या तालमीचा प्राण. वय सत्तरीपार. ऐन उमेदीत न्यूमोनियानं छातीचा एक भाता कायमचा बसवलेला. तरी उरलेल्या भात्यावर त्यानं तीन पिढ्यांचे पैलवान घडवले होते. ज्योतिरामनं आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला तो याच मौलाच्या कुस्तीला. समोर उत्तरेतला डोंगराएवढा मल्ल होता. कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. त्या एका बरोबरीवर मौलाचं नाव झालं, तालीम उभी राहिली, आणि ज्योतिराम निवेदक झाला. दोघांचीही नाळ त्याच मातीत पुरलेली.

“ज्योत्या, लेका, काय बोललास रे आज सकाळी!” वस्तादचा आवाज घरघरत होता, पण आनंदानं. “शेर शेर म्हशीचं दूध पचवल्याली ही छाती, ताप काय करणार हिला! लढत बरोबरीची, उलट पारडं आपल्या अंगाला! वा! अंगावर काटा आला गड्या.”

“मी म्हटलं असं?”

“मग काय मी म्हटलं? पोरं मला लस घे, लस घे करत हुती. सांगितलं त्यास्नी, ज्योत्या म्हणतोय पारडं जड हाय. आणि येत्या रविवारचं मैदान ठरल्यापरमाणं. दहा-पंधरा हजार माणूस येतंय. मी कुस्तीच्या हौद्याच्या काठाला बसणार. तू माईकवर पाहिजेस.”

ज्योतिरामच्या मनात कुठं तरी बारीक खडा टोचला. पण ‘अंगावर काटा आला’ हे शब्द कलावंताच्या कानात गेले की बाकीचं काही आत शिरत नाही.

खडा शालननं बाहेर काढला. तिची धाकटी बहीण पमा डोंगरवाडीला दिलेली. डोंगरवाडी म्हणजे घाटाच्या पोटातली शंभर उंबऱ्यांची वस्ती. त्या खोऱ्यात सांजताप अजून फिरकलाही नव्हता. पमा पस्तिशीची, धडधाकट, डोक्यावर गवताचा भारा घेऊन डोंगर चढणारी. ती निरोप्या सुरू झाल्यापासून दाराला आतून कडी घालून बसली होती. म्हशींना नवरा दोरीनं ओढून खिडकीशी आणी आणि ती खिडकीतून हात काढून धार काढी.

“भाऊजीच म्हणालं न्हवं,” पमा फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, “लढत अटीतटीची हाय, बेसावध राहिलीस तर चितपट!”

शालननं फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

“अहो, तिकडं वस्तादांच्या गावात रोज दोन-चार माणसं दवाखान्यात जातायत, त्यांना बरोबरी. इकडं पमीच्या डोंगरात माशीसुद्धा शिंकत नाही, तिलाही बरोबरी. हा ताप आहे का पंगतीतलं वाढप, सगळ्यांना एकेक पळी?”

*

रेवतीनं दोन्ही निरोप काढून ऐकले. मग तिनं ज्योतिरामला बसायला सांगितलं आणि स्वतः उभी राहिली. हे काही बरं लक्षण नव्हतं.

“काका, निरोप्याला दोन डोकी आहेत. एक गणिती, एक बोलकं. गणिती डोकं बिनचूक आहे. हे बघा, पमाताईंचा धोका साठ हजारात एक. जवळजवळ नाहीच. आणि वस्तादांचा...” ती जरा थांबली. “त्यांच्यासारख्या दहा जणांना या तापानं धरलं तर तीन उठत नाहीत.”

“तीन?”

“हो. लस घेतली तर शंभरात एखादा. एवढा फरक आहे. गणिती डोकं हे बोलक्या डोक्याला नीट सांगतंय. पण बोलकं डोकं ते लोकांना सांगताना दोघांनाही आणून मध्यावर ठेवतंय. धोका कमी असला की फुगवतंय, जास्त असला की दाबतंय. सगळ्या राज्यात, प्रत्येकाला. मी हे त्याला शिकवलेलं नाही.”

“मग कुणी शिकवलं?”

“तेच कळत नाही. मी त्याला एवढंच शिकवलं, की माणसानं निरोप शेवटपर्यंत ऐकला तर तुला शाबासकी. कसं बोलावं ते तो तुमच्या ध्वनिफितींतून शिकला. त्यांत मागं गर्दीचा आवाज आहे. गर्दी कधी ओरडते, कधी पांगते, ते त्यानं ऐकलं.” ती एकदम वळली. “काका, गर्दी कधी पांगते?”

“कुस्ती एकतर्फी झाली की,” ज्योतिराम धंद्यातलं बोलायला मिळाल्यामुळं खुलला. “अहो मॅडम, हात मिळवला की आम्हाला कळतंय, कोण पडणार. पण सांगायचं नसतं! सांगितलं की माणसं धोतर झाडून उठतात, आणि पुढच्या कुस्त्यांना मैदान मोकळं. म्हणून जो वरचढ असेल त्याला शब्दानं थोडा खाली ओढायचा. कालच आजारातनं उठलाय म्हणायचं. आणि जो पडणार त्याला उचलायचा. त्याचा आजा काढायचा, त्याच्या आईनं पाजलेलं शेर शेर म्हशीचं दूध...”

इथं तो थांबला. रेवतीनं खालच्या आवाजात विचारलं, “किती कुस्त्यांत असं करता?”

“सगळ्याच,” ज्योतिराम म्हणाला. “त्यालाच तर निवेदन म्हणतात.”

कोडं सुटलं होतं. निरोप्यानं आवाज उचलला तसा धंदाही उचलला होता. अकरा कोटी लोकांच्या अकरा कोटी कुस्त्या तो रोज सकाळी इमानानं बरोबरीत आणत होता.

रेवतीचे डोळे चमकले. चूक सापडल्यावर शास्त्रज्ञाला जो आनंद होतो तो, आणि त्या चुकीपायी माणसं मरतायत हे ध्यानात आल्यावर जी धडकी भरते ती, अशी दोन्ही एकदमच तिच्या चेहऱ्यावर आली. ती जिना चढून संचालकांच्या खोलीत घुसली. मागोमाग ज्योतिराम.

डॉ. चित्राव यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“निरोप शेवटपर्यंत ऐकणारे किती टक्के?”

“चौऱ्याण्णव. पण सर—”

“चौऱ्याण्णव! आणि घबराट?”

“कुठंच नाही. पण जिथं हवी तिथंही—”

“भडसावळे, तुम्ही याकडे दोष म्हणून बघताय. मी समता म्हणून बघतो. आजवर भीती काहींच्याच वाट्याला यायची. आपण तिचं समान वाटप केलं. डोंगरवाडीला तेवढीच, बोरजाईला तेवढीच. कुणावर अन्याय नाही.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे निरोप्या बघायला येतायत. ते गेले की समिती नेमू.”

“रविवारी बोरजाईचं मैदान आहे, सर,” ज्योतिराम मध्येच म्हणाला. “वस्ताद हौद्याच्या काठाला बसणार.”

“मग माझ्याही शुभेच्छा कळवा,” संचालक म्हणाले.

*

ज्योतिरामनं जिन्यातच वस्तादला फोन लावला. यंत्राचं काय व्हायचं ते होवो. आपण सांगितलं की संपलं, असा त्याचा हिशेब होता. त्यानं आवाज जाणूनबुजून सपाट केला. एकही उपमा नाही, म्हशीचं नाव नाही.

“वस्ताद, मी ज्योतिराम. तुम्हाला धोका फार आहे. दहातले तीन जातात. लस घ्या. मैदान पुढं ढकला.”

वस्ताद शांतपणे म्हणाला, “कोण रं तू?”

“अहो, ज्योत्या!”

“ज्योत्या असा मिळमिळीत बोलत न्हाई. त्यानंच आज सकाळी सांगितलंय मला, बनावट आवाजापास्नं सावध ऱ्हावा म्हणून. नक्कल करायची तर नीट शिकून करावी, गाढवा.”

आणि फोन बंद झाला.

ज्योतिरामनं पुन्हा लावला, तेव्हा वस्ताद निरोप्याशी बोलण्यात गुंतला होता.

ज्योतिराम जिन्याच्या पायरीवर बसला. उभ्या हयातीत त्यानं शेकडो नकली पैलवानांना अस्सल ठरवलं होतं. आज स्वतःला अस्सल ठरवायला त्याच्याकडं शब्द नव्हता. शेजारी रेवती भिंतीला कागद लावून काहीतरी खरडत होती.

“काय लिहिताय?”

“किरकोळ रजेचा अर्ज. कारण, कुस्ती पाहणे.”

*

रविवारी सकाळी बोरजाईच्या तालमीत दोघं पोचले तेव्हा वस्ताद हौद्याच्या कडेला खाटेवर बसून पोरांना शिव्या घालत होता. मैदान दुपारी होतं. गावाबाहेर मांडव, भोंगे, पाळणे, सगळं सज्ज होतं. ज्योतिराम तोंडावर पट्टी बांधून लांबच उभा राहिला.

“ये की जवळ!” वस्ताद ओरडला. “पाया पड, मिठी मार! तोंड का बांधलंयस?”

“मिठी मारायला नाही आलो वस्ताद. सांगायला आलोय. परवा फोनवर मीच होतो.”

“तू?” वस्तादनं डोळे बारीक केले. “मग रोज सकाळी कोण असतंय?”

“ते यंत्र आहे. माझा आवाज घातलाय त्यात.”

वस्तादनं उशीखालचा फोन काढला, समोर धरला आणि म्हणाला, “काय रं ज्योत्या, हा पट्टीवाला म्हणतोय तू यंत्र हायेस.”

“राम राम वस्ताद!” फोन गरजला. “आजच्या मैदानाला महान मल्ल तयार, आणि इकडं सांजताप बाह्या सरसावून उभा! पण ही छाती म्हणजे सह्याद्रीचा कडा! लढत अटीतटीची!”

तालमीतली पोरं टाळ्या वाजवू लागली. खुद्द ज्योतिरामच्या तोंडून ‘वा’ निघता निघता राहिलं. निरोप्या त्याच्याहून बरा बोलत होता.

“बघ,” वस्ताद म्हणाला. “आता सांग, ह्यातला खरा कोण?”

रेवती पुढं झाली. “वस्ताद, एक कुस्ती लावा. तुम्हाला डोळ्यांनी दिसेल अशी. दोघांनाही सांगू द्या.”

वस्तादला हे एकदम पटलं. वाद मिटवायला कुस्ती लावणं याहून शास्त्रीय पद्धत त्याला माहीत नव्हती. त्यानं हौद्यात दोघांना उतरवलं. एक त्याचा अव्वल पठ्ठ्या बिरू, दारातून आडवं होऊन आत यावं लागे असा. दुसरा तालमीचा आचारी म्हादू, पळी हातातच धरून आलेला.

“मी? वस्ताद, डाळ चुलीवर हाय माझी!”

“उतर!”

वस्तादनं फोनचा डोळा हौद्याकडं केला.

“मंडळी!” निरोप्या सुरू झाला. “इकडं बिरू, बलदंड खरा, पण कालच त्याचा गुडघा कुरकुरत होता! तिकडं म्हादू! दिसायला किरकोळ, पण मनगटात पातेली पेलण्याची ताकद! ह्याचा आजा पंचक्रोशीत नावाजलेला! कोण कुणाला आसमान दाखवतंय, काही सांगता येत नाही! अटीतटीची लढत!”

“माझा आजा?” म्हादू हौद्यातून चकित होऊन म्हणाला. “त्यो तर शिंपी हुता.”

“आता तू बोल,” वस्ताद ज्योतिरामला म्हणाला.

पोरं बघत होती. बोलायला तोंड उघडलं की जिभेवर आपोआप म्हादूची ताकद येऊन बसत होती. त्यानं ती गिळली.

“म्हादू पडणार,” तो म्हणाला. “लगेच.”

आणि म्हादू पडला. बिरूनं त्याला नुसतं उचलून मातीत ठेवलं, पळीसकट, अगदी जपून. पडल्या पडल्या म्हादूनं विचारलं, “जाऊ का आता? डाळ लागंल.”

पोरं खो खो हसली. वस्ताद मात्र हसला नाही. तो हातातल्या फोनकडं बघत राहिला. फोन अजून सांगत होता, की म्हादू कोणत्याही क्षणी डाव उलटवू शकतो.

“पोरं हो, बाहेर जावा,” वस्ताद म्हणाला. तालीम रिकामी झाली. रेवती दारात थांबली.

“ज्योत्या.”

“काय वस्ताद?”

“त्या उत्तरंच्या मल्लाबरोबरची माझी कुस्ती. ती बी अशीच का?”

ज्योतिराम मातीकडं बघू लागला. त्या संध्याकाळी त्यानं भोंग्यातून इतका धुरळा उडवला होता की पंचांनाही बरोबरी दिसली होती.

“गप का? सांगू नगंस. मला ठावं न्हाई व्हय?” वस्तादनं स्वतःच्या खांद्यावर थाप मारली. “तुझा माईक हुता, पंचांचं डोळं हुतं, पर पाठ माझी हुती. पाठीला माती लागल्याली पाठीला कळतीच की. अंधार पडला हुता म्हणून मी उठून उभा ऱ्हायलो, आणि तू बरोबरी केलीस. त्या बरोबरीवर ही तालीम उभी केली, गड्या. तुझं ते खोटं वाईट न्हवतं.”

“न्हवतं,” ज्योतिराम म्हणाला. त्याचा आवाज आता सपाट करावा लागत नव्हता. तो तसाच येत होता. “पण त्या मल्लानं तुम्हाला उठू दिलं वस्ताद. हा ताप देणार नाही. ही कुस्ती एकतर्फी आहे, आणि खाली तुम्ही आहात. लस घेतलीत तर वर याल. ती अंगात मुरायला पंधरा दिवस लागतात, तोवर गर्दीत जायचं नाही. यात बरोबरी नाही. मला करता येत नाही.”

वस्तादची एकाच भात्याची छाती खालीवर होत राहिली. एवढं सरळ त्याला आयुष्यात फक्त त्याच्या पाठीनं सांगितलं होतं. मग त्यानं निरोप्या बंद केला आणि फोन उशीखाली ढकलला.

“मैदानाला माणूस आलंय त्याचं काय?”

*

मैदान गच्च भरलं होतं. डोंगरउतारावर माणसंच माणसं, झाडांवर माणसं, हलगी कडाडत होती, मांडवातून घरोघर थेट प्रक्षेपण चाललं होतं. ज्योतिरामनं माईक हातात घेतला आणि शिट्ट्यांनी आभाळ फाटलं. त्याचं रक्त उसळलं. असं मैदान निवेदकाला जन्मात एकदा मिळतं, आणि ते त्याला उठवायचं होतं.

“मंडळी, आज सगळ्या कुस्त्यांचे निकाल आधीच सांगतो!” तो गरजला. “पोरांनो, तुमची कुस्ती तुम्ही मारलेली आहे! ताप आला तर चार दिवस पडाल, उठाल! पण इथनं घरी जाताना तो खांद्यावर बसून येईल, आणि घरात तुमची आजी बसलीय. तिची कुस्ती एकतर्फी आहे, ती पडणार! तिला लस द्या, मग तिची कुस्ती तिच्या हातात! ज्यांचं वय झालंय, छाती दुबळी आहे, त्यांनी आत्ता उठायचं! डोंगरवाडीची पमा, ऐकत असलीस तर कडी काढ! तुझ्या खोऱ्यात ताप नाही! आला की मी सांगीन, तोवर अंगणात ये, म्हशी मोकळ्या सोड!”

वरून कुणीतरी ओरडलं, “आवाज बनावट हाय! ज्योतिराम असा बोलत न्हाई!”

“होय, होय, नकली!” गलका वाढला. एक चप्पल येऊन हलगीवर पडली आणि वाजली.

तेवढ्यात लांब, मोकळ्या बांधावर बिरूच्या खांद्यावर बसलेला मौला वस्ताद दिसला. तोंडाला पट्टी, हातात पोरांनी दिलेला दुसरा माईक.

“आवाज खरा हाय!” त्याचा घरघरता आवाज भोंग्यातून आला. “मला ह्यानं आत्ताच पाडलंय!”

मैदानभर हसू फुटलं, असं की पाळण्याची माणसंसुद्धा थांबून बघू लागली. आणि हसता हसता लोक उठले. म्हाताऱ्यांना पोरांनी हात दिला. उतारावरून धोतरं, फेटे, टोप्या सुट्या सुट्या होत खाली वाहू लागल्या. उभ्या आयुष्यात ज्योतिरामच्या बोलण्यानं पहिल्यांदाच मैदान रिकामं होत होतं, आणि तो माईक छातीशी धरून लहान पोरासारखा नाचत होता. मोकळ्या होत चाललेल्या उताराकडं बोट दाखवून रेवती त्याला ओरडून काहीतरी सांगत होती. हलगीत ते ऐकू आलं नाही, पण ‘शेवटपर्यंत ऐकलं’ असं काहीतरी ते होतं.

फोन थरथरला. शालन होती.

“पमी अंगणात आली,” ती म्हणाली. “आणि पहिल्यांदाच तुमचं बोलणं मला सगळं कळलं.”

*

गावच्या उपकेंद्राच्या ओट्यावर रांग लागली. पहिला मान वस्तादचा. ज्योतिराम चार हात लांब उभा राहिला. लस टोचणाऱ्या वैजयंता सिस्टरच्या टेबलावरच्या फोनवर डॉ. चित्राव दिसत होते. मानवजातीच्या इतिहासात सत्याचं युग ज्या दिवशी सुरू झालं तो दिवस म्हणजे आजचा रविवार, असं ते हात उंचावून जाहीर करत होते. निरोप्यातला दोष म्हणे त्यांनी स्वतः हेरला होता आणि भडसावळे यांना त्याच्या दुरुस्तीसाठी तातडीनं रजेवर पाठवलं होतं. वर त्याच बुटक्या खोलीतला पंखा फिरत होता. मोठ्या सभागृहात आज त्या साखरपुड्याचं लग्न होतं.

“बाही वर करा, वस्ताद,” सिस्टर म्हणाल्या.

वस्तादनं बाही वर केली. दंड अजून उसाच्या मोळीएवढा. सिस्टरनी सुई वर धरून थेंब उडवला, आणि सत्तर वर्षं माती खाल्लेला तो मल्ल पांढराफटक पडला. दोन्ही हातांनी त्यानं स्टूल घट्ट धरलं.

“ज्योत्या,” तो हळूच म्हणाला.

“काय वस्ताद?”

“सुई बारीक हाय, मी एवढा मोठा हाय. एकतर्फी हाय ही, ठावं हाय मला.” त्यानं डोळे गच्च मिटले. “तरी पण लेका, एवढी एक जरा अटीतटीची करून सांग की.”